शेफालीदीच्या हातचा धूर

"धूर दाट कर," निबारणबाबू म्हणाले. "इतका दाट, की तुझं नखसुद्धा दिसता कामा नये."

शेफाली रंगपटात उकिडवी बसली होती. पुढ्यात पातेलं, ग्लिसरीनची बाटली आणि गॅरेजमधून आणलेलं बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी. गावोगाव बंगाली लोकनाट्य करणाऱ्या त्यांच्या जात्रा कंपनीच्या धुराच्या मशीनला लागणारं पाणी तीच बनवायची. बाजारच्या डब्याला अत्तराचा वास यायचा आणि ऐन संवादात तिला ठसका लागायचा. म्हणून तिनेच खटपट करून हे मिश्रण बसवलं होतं. नळाचं पाणी घातलं तर मशीनच्या नळीत क्षार साचतात. नुसतं बॅटरीचं पाणी घातलं तर मशीन फुसफुसतं आणि वाफ जागच्या जागी विरते. धुराला अंग येतं ते ग्लिसरीनने. आपल्या गळ्यासाठी काढलेली ही युक्ती आज आपल्यालाच झाकायला वापरायची आहे, हे तिला चांगलं कळत होतं आणि ते तिला मुळीच सहन होत नव्हतं.

यंदा पोस्टरवर राणी म्हणून शेफालीऐवजी तियाशा होती. टीव्हीवर गाजलेली पोरगी, दिसायला देखणी. पण मैदानभर माणसांसमोर तोंड उघडलं की आवाज मांजरीच्या पिल्लाचा. मग मालकांनी, म्हणजे निबारणबाबूंनी, डोकं चालवलं. ओठ तियाशाने हलवायचे, बोलायचं शेफालीने. तेही तिच्या ओठांवर नजर ठेवून, तिच्या अगदी मागे उभं राहून. जात्रेचा मंच चारी बाजूंनी उघडा. ना पडदा, ना आडोसा. राहता राहिला धूर.

"मेलेली राणी परत येते, तिथे धूर शोभूनच दिसतो," निबारणबाबू म्हणाले. "लोकांना तिचा चेहरा मिळेल, तुझा आवाज मिळेल."

"आणि मला काय मिळेल?"

"मंचावर जागा. ती नको असेल तर घरी जायला सकाळी मेदिनीपूरची बस आहे."

"बस काही पळून जात नाही," शेफाली म्हणाली आणि पातेलं ढवळू लागली.

निबारणबाबू समाधानाने निघून गेले. हातात काम असलेला माणूस ऐकतो, असा त्यांचा जुना समज होता.

तियाशा हळूच आत आली. "दीदी, माझ्यावर रागावलीस?"

"तुझ्यावर कशाला? तू आपली तोंड नीट उघड. जाळ्यातल्या मासोळीसारखी उघडमीट करू नकोस."

तियाशाला हसावं की रडावं कळेना. शेफालीने तिची बनारसी साडी मागून सारखी करून दिली. मग स्वतः काळी साडी नेसली, सांगितल्याप्रमाणे. मशीनची टाकीही नेहमीसारखी तिनेच भरली आणि पंचाननच्या ताब्यात दिली. मशीनचं बटण त्याच्याकडे असायचं.

राणीच्या प्रवेशाला दिवे निळे झाले. बासरी थांबली. शाली पांघरून बसलेलं सगळं मैदान पुढे झुकलं. पंचाननने बटण दाबलं. मशीन फुसफुसलं, तियाशाच्या पायापाशी जराशी वाफ लोळली आणि नाहीशी झाली. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

निळ्या उजेडात दोघी उभ्या होत्या. पुढे बनारसीतली राणी, मागे काळ्या साडीतली शेफाली. तिचा चेहरा उजेडात लख्ख चमकत होता. डोळ्यांखालच्या सुरकुत्यासुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत दिसत होत्या.

कुणीतरी फिस्कन हसलं. शेफाली जागची हलली नाही. तिने पूर्ण गळ्याने वाक्य टाकलं.

"महाराज, मी गुन्हेगार असेन, तर माझ्याकडे बघून सांगा."

हसणं बंद झालं. "अगं, ही तर आपली शेफाली," बायकांच्या बाजूने कुणीतरी म्हणालं आणि ते नाव मैदानभर पसरत गेलं. तियाशाने ओठ मिटले. ती उजेडातून बाजूला सरकली. शेफाली तिच्या जागी येऊन उभी राहिली आणि राणीचं उरलेलं भाषण तिने कुणाच्याही ओठांकडे न बघता म्हटलं. टाळ्यांमुळे तिला मध्ये तीनदा थांबावं लागलं.

ती उतरली तेव्हा निबारणबाबू मशीन उघडून बसले होते. त्यांनी टाकीत बोट बुडवलं, दुसऱ्या बोटाला चोळून पाहिलं. चिकटपणाचा मागमूस नव्हता.

"हे नुसतं पाणी आहे," ते म्हणाले. रागाने त्यांचा आवाज चिरकत होता. "ग्लिसरीन कुठे गेलं?"

शेफालीने पदराने गळ्याचा घाम टिपला. चेहऱ्याला मात्र तिने पदर लावला नाही.

"तोंडाला लावलं," ती म्हणाली. "लोकांसमोर जायचं होतं ना."