सहावा दिवा

"दोरीकडं बघूच नका मॅडम," कृष्णराज म्हणाला. "दोरीचा काही संबंध न्हाय. मोड्यूल खराब झालंय. बदला आणि मोकळ्या व्हा."

पट्ट्याच्या टोकाशी तुरीतले खडे वेचत उभ्या असलेल्या कडूबाईनं ते ऐकलं आणि तिच्या जिवात जीव आला.

परंड्याहून सोनारीला जाणाऱ्या रस्त्यावरच्या या डाळमिलचा कृष्णराज मॅनेजर. वेचणीचा पट्टा दिवसातून कितीदा तरी आपोआप थांबतो, म्हणून त्यानं सोलापूरहून मशीन दुरुस्त करणाऱ्या सोनालीला बोलावून घेतलं होतं.

आपोआप! कडूबाईनं हातातला खडा लांब भिरकावला.

सहावा दिवा : पेटलेला.

सोनालीनं पट्ट्याशेजारचं लोखंडी कपाट उघडलं. आत पंज्याएवढा डबा, डब्यावर हिरव्या दिव्यांची रांग.

"ह्ये काय गं पोरी?"

"मोड्यूल, मावशी. बाहेर काय चाललंय ते मशीनला यातून कळतं. एकेक दिवा एकेका बटणाचा. हा सहावा तुमच्या दोरीचा. दोरी ओढली की हा विझतो, मग पट्टा थांबतो."

"अस्सं," कडूबाई म्हणाली आणि खाली बघून वेचू लागली.

पट्ट्याच्या कडेनं ताणलेली लाल दोरी तिच्या कमरेला टेकत होती. कुणाचा हात अडकला तर ओढायची म्हणून लावलेली. शांतम्माचा हात अडकला तेव्हा कडूबाईनं ती दोन्ही हातांनी ओढली होती. पट्टा थांबला नव्हता. शांतम्माची दोन बोटं गेली. दुसऱ्या दिवशी कृष्णराजनं सगळ्या बायांदेखत सांगितलं, दोरी दुरुस्त केली म्हणून. ते खरं असावं, कारण तेव्हापासून ओढली की पट्टा थांबायचा. जरा दमानं, मधे एखादा श्वास जायचा, पण थांबायचा. शुक्रवारी दुपारी मात्र दोरी रुसायची. कितीही ओढा, पट्टा आपला चालूच.

शांतम्माच्या जागी दुसरी बाई घेतली नाही. उलट पट्टा जोरात पळवायला लागले. पाणी प्यायचं तर विचारा, कंबर सरळ करायची तर विचारा. मग एक दिवस कडूबाईनं विचारणंच सोडलं.

"आज नको ओढूस," शेजारची अजीजाबी पुटपुटली. "ती पोरगी कपाटात डोळं लावून बसलीय."

"बसू दे की."

कडूबाईनं पदर सावरल्यासारखं केलं आणि दोरीला हिसका दिला.

एक श्वास. पट्टा थांबला. बाया घागरीकडं वळल्या.

सहावा दिवा : पेटलेला.

पट्टा परत चालू करायचं काम साजिदचं. शुक्रवारची दुपारची नमाज सोडली तर वर काचेच्या केबिनमध्ये तो बसायचा, सदा मान खाली.

"दिसभर मोबाईलात तोंड," अजीजाबीनं पाण्याचा घोट घेत वर बघितलं. "एक बटण दाबायला याला किती येळ! आपल्यातल्या कुणी एवढा आळस केला असता तर? पण हा पडला साहेबाचा लाडका."

"लाडक्यांचं असंच असतं," कडूबाई म्हणाली.

सगळ्यांचं पाणी पिऊन झालं, पाठी सरळ करून झाल्या, तेव्हा कुठं पट्टा हलला.

सोनालीनं जुनं मोड्यूल काढलं. तारा लावलेली पट्टी होती तशी उचलून नव्या मोड्यूलवर बसवली. पट्टा सुरू झाला, कृष्णराज खूश झाला. तेवढ्यात कडूबाईनं परत दोरी ओढली.

पट्टा थांबला. कृष्णराजचं तोंड बघण्यासारखं झालं.

"म्हणजे मोड्यूल न्हाय," तो दात आवळून म्हणाला. "ह्या बायांचाच कायतरी चावटपणा. मॅडम, शोधा. जी असंल तिला आजच फाटकाबाहेर काढतो."

फाटकावर ट्रकचा भोंगा वाजला. तो तिकडं गेला.

सहावा दिवा : पेटलेला.

सोनाली बायांच्या रांगेपाशी आली. एकेकीच्या हाताकडं बघत गेली. अजीजाबीपाशी थांबली. अजीजाबीनं हात पदराखाली घेतले.

"तिच्याकडं काय बघती?" कडूबाई पुढं झाली. "म्या ओढते दोरी. रोज ओढते. तहान लागली की ओढते, दोरी ओढूनबी शांतम्माची बोटं गेली ते आठवलं की ओढते. जा, सांग तुज्या साहेबाला. काढू दे मला. जाताना पण ओढून जाईन."

"मावशी…"

"थांब, दाखवतेच." साजिदनं नुकताच चालू केलेला पट्टा पळत होता. कडूबाईनं सगळ्यांसमोर, पदराचा आडोसा न करता, दोरी ओढली.

एक श्वास. पट्टा थांबला.

"बघितलंस?"

सोनाली तिच्याकडं बघतच नव्हती. ती उघड्या कपाटातल्या दिव्यांकडं बघत होती. मग तिनं आत वाकून तारा चाचपल्या.

"मावशी, ही पिवळी तार बघा. बोटभर आहे. ही कुणीतरी मुद्दाम घातलीय, म्हणून सहावा दिवा कायम पेटलेला राहतो. दोरीची खरी तार ही, मागं मोकळी लोंबतीय. धूळ बघा किती बसलीय हिच्यावर. दोरी ओढा नाहीतर तोडून टाका, मशीनला कळणारच नाही. शांतम्माच्या वेळीही कळलं नसणार."

"खुळी हैस का? आत्ता तुज्यासमोर थांबला की."

"थांबला. पण सहावा विझला नाही." सोनालीनं आवाज खाली आणला. "नववा विझलाय."

"नववा कशाचा?"

सोनालीनं नजर वर केली. कडूबाईनंही वर बघितलं. काचेमागं साजिदची मान नेहमीसारखी खाली होती, पण समोर मोबाईल नव्हता. तो कडूबाईकडं बघत होता, आणि त्याचा अंगठा अजून पट्टा थांबवायच्या लाल बटणावर दाबलेला होता.