राहून गेलेले आभार

मस्कतच्या विमानतळावर तपासणीच्या निकालाची वाट बघताना कुमुदिनीबाईंचा जीव टांगणीला लागला होता. कोविडमधून उठून जेमतेम दोन महिने झालेले. निकाल पॉझिटिव्ह आला तर विलगीकरण. आणि लेकीचं बाळंतपण दोन दिवसांवर!

नखशिखांत झाकलेली नर्स कागद घेऊन आली. पासपोर्टवर बार्शी वाचून मराठीतच म्हणाली, “निगेटिव्ह आहे, मावशी. निघा आता.”

बाईंना बार्शीचा दवाखाना आठवला. अशाच झाकलेल्या पोरींनी त्यांना अकरा दिवस भरवलं होतं. एकीचाही चेहरा दिसला नव्हता.

त्यांनी हात जोडले. “कोविडमध्ये मला भरवणाऱ्या पोरींचे चेहरेही दिसले नाहीत. त्यांना म्हणायचं राहिलं, ते तुला म्हणते. तुमच्यामुळे जगले गं, बाई.”

नर्स दोन पावलं मागे सरली. तिने क्षणभर मास्क खाली ओढला आणि डोळे पुसत हसली.