ताईंचा सल्ला

"वेबसाइटचं चांगलं चाललेलं जावा अ‍ॅप्लिकेशन तोडून त्याचे तुकडे करायचं कोणी ठरवलं?" साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं. प्रवेशाच्या पहिल्याच दिवशी कॉलेजची वेबसाइट बंद पडली होती आणि मुलांचे अर्ज अडकले होते.

"मी ठरवलं," शार्दूल म्हणाला. समोर बसलेल्या, त्याच्याहून अनुभवी असलेल्या शलाकाने मान खाली घातली. "हल्ली सगळे असंच करतात, बिनधास्त कर," असं तिनेच त्याला ठामपणे सांगितलं होतं. साहेबांनी शार्दूलला प्रोजेक्टवरून काढलं.

मीटिंग संपल्यावर ती त्याच्या टेबलापाशी गेली. "माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुमचं कशाला, ताई? स्वतः केल्याशिवाय तुम्ही थोडंच सांगाल? माझंच काहीतरी चुकलं असणार. सकाळपासून तेच शोधतोय."

शलाका त्याच्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. "साहेबांना मी आत्ता जाऊन सांगते. पण खरं सांगू? मी हे कधीच केलं नव्हतं रे. एका भाषणात ऐकलं होतं फक्त."

शार्दूलने लॅपटॉप हळूच मिटला.

"हे तेव्हाच सांगितलं असतंत," तो म्हणाला, "तर आधी दोघांनी मिळून करून पाहिलं असतं."