वाळ्याचा साबण

"आजच्या साबणात काय घातलंस गो?" यमुनाकाकीने चपला काढता काढता विचारलं.

"वाळा," करुणा म्हणाली.

"सांगितलंस ते बरं. नाकाला शोधत बसायला नको."

काकी रोज आधी हेच विचारायची. गुडघे धरत, मध्ये थांबत ती करुणाच्या वरच्या घरापर्यंत चढायची आणि आल्या आल्या कुरकुरायची. खाली तिचंही घर रिकामंच. तरी कामाशिवाय कुणाकडे जायचं नाही, हा तिचा बाणा. नुसत्या चहाला बोलावलं तर म्हणायची, "माझ्या घरात काय चहा नाय?"

करुणाकडे मात्र काम होतं. तापात तिचं नाक गेलं आणि साबण करणारीची पंचाईत झाली. मंजिष्ठेचा तांबूस, हळदीचा पिवळा, हे रंग डोळ्यांना कळत. वासाचं काय? सावर्ड्याच्या दुकानात गिऱ्हाईक आधी वडी नाकाला लावतं. म्हणून काकी. वास घ्यायची, निवाडा द्यायची, मग चहा आपोआप व्हायचा. दिवसभरात घरात तेवढाच माणसाचा आवाज. बाकी वेळ करुणाला घर खायला उठायचं.

फोन वाजला. मुंबईहून मुलगा, सम्यक; करुणाने फोन स्पीकरवर लावला.

"आई, नाकाच्या डॉक्टरची वेळ घेऊ ना?"

"नको रे."

"काकीला किती दिवस चढवणार?"

काकी गुडघा चोळत होती. "नंतर बोलते," म्हणून करुणाने फोन ठेवला.

"नाक बरं झालं तर बरंच की," काकी हळूच म्हणाली. "मग माझं काय काम इथे?"

करुणाने काल ओतलेला साबण कापला, एक वडी पाटावर ठेवून पुढे सरकवली आणि काकीच्या तोंडाकडे बघत राहिली.

काकीने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला.

"झकास. वाळा गेल्या खेपेपेक्षा चढ आलाय. माठातलं पाणी प्यायल्यासारखं वाटतं."

"नक्की?"

"मग? माझं नाक आहे ते."

करुणाने चहाचं आधण ठेवलं. बराच वेळ ती पाठमोरीच उभी होती.

"उद्या हळदीचा कापायचाय, काकी. तुला यावं लागेल."

"येईन की. तुझं अडतंय ना."

करुणाचं नाक दिवाळीतच परत आलं होतं. काकीचे गुडघे बघवेनात, म्हणून काकी 'वासच नाही' म्हणाली की आज खरं सांगून टाकायचं, असं ठरवून तिने या साबणात वासाचं तेल घातलंच नव्हतं.