उजवी मांडी

निंबाचं लाकूड राजूबाईनं बाजूला फेकलं. त्याचा धूर कडू, मटण तोंडात धरवत नाही. ओली बाभूळही नको, तिची काजळी मांसावर बसते. तिला हवी होती चिंच, तीही जुनी, उन्हात वाळून दगड झालेली. तसाच एक ओंडका तिच्या नवऱ्यानं, श्रीमंतनं, कालच बैलगाडीतून आणला होता. दिवसाढवळ्या आणला, पण कडब्याच्या पेंढ्यांखाली घालून. आज तो पाचर ठोकून ठोकून त्यानं फोडला. अजून लंगडत होता बिचारा, पण पाणी प्यायलासुद्धा थांबला नाही.

राजूबाईनं मुठीएवढे तुकडे केले. लाकडाच्या एका कडेला तेलकट काळं पुट चढलं होतं. ते तिनं कोयत्यानं तासलं आणि त्या ढलप्या न्हाणीच्या चुलीत घातल्या. तो धूर मांडीला लागू द्यायचा नव्हता. एक मोठा तुकडा मात्र तिनं न तासता अंगणातल्या चुलीमागे ठेवून दिला.

मांडी कंदुरीच्या बोकडाची होती. श्रीमंत पुन्हा आपल्या पायांनी चालला तर पिराला बोकड कापीन, असा तिचा नवस होता. गावची रीत अशी, की कंदुरी कुणाचीही असो, बोकडाची उजवी मांडी गढीवर जागीरदाराकडे जायची. आता जागीर खालसा झाली होती. जागीरदार हैदराबादला जाऊन बसला होता, आणि पगार मिळेना म्हणून गढीचा पहारेकरीही निघून गेला होता. लोकांची भीती तेवढी जागची हलली नव्हती. पंगतीत जो तो हळूच विचारत होता, "मांडी पाठवलीस नव्हं?"

राजूबाईला त्या प्रश्नाची चीड आली. तिची लेक लहानपणी अशाच मांडीच्या घासासाठी रडून रडून झोपली होती. ती आता बाजाराच्या दिवशी करजगीहून माहेरी येणार होती. तोवर मांडी टिकायला हवी. म्हणून राजूबाईनं तिला मीठ-हळद चोळली आणि अंगणातल्या चुलीवर तीन काठ्या बांधून टांगली. खाली चिंच नुसती धुमसत होती. जाळ नाही, सगळा धूर.

त्या वासाच्या मागावर अंकुशराव दिवाणजी आले. गढीचा कारभार पाहणारे हे गृहस्थ कित्येक महिन्यांनी आज गावात उगवले होते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते खोटं नाही. घोड्यावरून न उतरता त्यांनी नाक फुलवून धूर ओढला.

"लाकूड झकास निवडलंस की! चल, मांडी उतरव आन् गढीवर आणून दे."

"न्हाई देत."

श्रीमंतच्या हातातली कुऱ्हाड थांबली. कुडाआडून शेजारणी डोकावू लागल्या.

"जागीर गेली म्हणून लई शेफारलीस व्हय?" दिवाणजी म्हणाले. "गढीत खोडा हाय अजून. त्यात पाय अडकवून नवऱ्याला उन्हात बसवला हुता, इसरलीस? पुन्यांदा बसवू काय?"

श्रीमंतचा हात आपसूक घोट्यावरच्या काळ्या वळांकडे गेला. राजूबाईनं ते पाहिलं. मग तिला असा संताप आला, की भीतीला उभं राहायलाही जागा उरली नाही. ती उठली. चुलीमागचा तो न तासलेला तुकडा तिनं उचलला आणि घोड्यापुढे मातीत टाकला. त्याला एका बाजूनं अर्धगोल खाच होती. खाच आतून गुळगुळीत झाली होती.

"कसं इसरीन? ह्यात तुमचा पाय बसतोय का बघा, दिवाणजी. बाकीचा खोडा त्या मांडीखाली धुमसायलाय."