बटाटे उकडलेलं पाणी

"चोरून केळी खाता का, सर?" रिपोर्ट बघून डॉक्टरांनी विचारलं. मूत्रपिंडं निकामी, त्यात रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं. असंच वाढत राहिलं तर हृदय एक दिवस न कळवता थांबेल, म्हणाले. देवस्थळी सर अपमान गिळून घरी आले. भाज्या उकडून, पाणी फेकून मगच खायच्या, हे पथ्य दीड महिना चाललं होतं.

स्वयंपाकघरात वसुधाबाई बटाटे उकडलेलं पाणी घेऊन कणीक भिजवायला बसत होत्या.

"हे फेकायचं असतं ना?"

"अहो, सगळं सत्त्व पाण्यात उतरतं, हे तुम्हीच जन्मभर सांगितलंत. फेकू कसं? पोळीतून तेवढंच तुमच्या पोटात जातं."

पोटॅशियमही त्याच पाण्यात उतरतं, हे समजावणं सरांना अवघड नव्हतं. एकतीस वर्षं रसायनशास्त्रच शिकवलं होतं. पण दीड महिना आपण नवऱ्याला काय भरवलं, हेही तिला त्याच वाक्यात कळलं असतं. "दे इकडे, मी ओततो," म्हणत सरांनी भांडं घेतलं आणि ओट्यावर सांडलं.

मग रोज ते मदतीला जात आणि नेमकं तेच भांडं लवंडत.

महिन्याभरात रिपोर्ट सुधारला. केळी सुटली म्हणून डॉक्टरांनी पाठ थोपटली. सर घरी आले, तेव्हा वसुधाबाई फोनवर बहिणीजवळ रडत होत्या.

"यांच्या हातात आता साधं भांडं राहत नाही गं. मी मनाची तयारी करतेय."