न उघडलेल्या राजकन्या

ब्रायडीच्या आईवडिलांचं फाटलं आणि वडील पार उत्तरेला, लोखंडाच्या खाणीवर निघून गेले. दर वाढदिवसाला तिकडून तिच्यासाठी कार्टून सिनेमातली एक राजकन्या यायची, खोक्यात बंद.

"सोबत एक ओळ खरडायला हात झडतात का मेल्याचे?" आई करवादायची.

ब्रायडीने एकही खोकं उघडलं नाही. संग्रह करणाऱ्यांचा नियमच तो, खोकं उघडलं की राजकन्येची किंमत गेली. काचेच्या कपाटात तिने त्या जिवापाड जपल्या. पण एक ओळ न लिहिणाऱ्या बापाला तिनेही कधी फोन केला नाही. बारा वर्षांनी राजकन्याही यायच्या थांबल्या.

यंदा वडील गेले. बाराही खोकी घेऊन ती पर्थच्या खेळण्यांच्या बाजारात विकायला बसली. तिथल्या जुन्याजाणत्या लॉर्नाबाईंनी एक खोकं पालथं करून चष्म्यासमोर धरलं.

"मला गंडवतेस होय गं? हे उघडून परत चिकटवलंय."

"शक्यच नाही, मावशी! मी नखसुद्धा लावलेलं नाही."

"मग ही दुसरी चिकटपट्टी काय राजकन्येने आतून लावली?" लॉर्नाबाईंनी एकेक करत बाराही खोकी पालथी करून पाहिली. "सगळीच तशी!"

ब्रायडीने रागारागाने सर्वांत शेवटी आलेलं खोकं टरकावलं. राजकन्येच्या झग्यामागून घडी घातलेला कागद पडला.



"लाडके, हे बारावं पत्र. एकाचंही उत्तर आलं नाही, समजलो मी. आता त्रास देणार नाही."